फ्रान्सच्या शाळेत इंग्लिश असिस्टंट म्हणून चाललात? मग हे वाचून घ्या

दर उन्हाळ्यात एक-दोन मेसेज येतातच, ताई माझं सिलेक्शन झालं, फ्रान्सच्या शाळेत इंग्लिश असिस्टंट, आता काय काय करू? कोणी जळगावचं असतं, कोणी शिरपूरचं, फ्रेंच बहुतेक पुण्यात राहून शिकलेलं. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा आता कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, लांबलं तर लांबलं.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्सच्या सरकारी शाळांमध्ये बाहेरच्या देशातले तरुण भाषेचे असिस्टंट म्हणून घेतात. आपल्याकडून जाणारे इंग्लिशसाठी जातात. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असे सात महिने, आठवड्याला १२ तास, आणि हातात साधारण ८०० युरो पडतात. मेन शिक्षक वेगळा असतो, आपण पोरांना बोलतं करायचं, बस. मधे दोन-दोन आठवड्यांच्या सुट्ट्या येतात, त्यांचाही पगार मिळतो.

आता पहिली गोष्ट, पॅरिस डोक्यातून काढून टाका. नेमणूक अकादमीनुसार होते, अकादमी म्हणजे त्यांचा शिक्षण विभाग, आणि शाळा बहुतेक वेळा अशा गावात मिळते ज्याचं नाव गुगल मॅपवर बराच झूम केल्यावर दिसतं. मला दिजाँ अकादमीतलं एक गाव मिळालं होतं. मी चोपड्याची. खरं सांगते, तिथे उतरल्यावर मला फार काही वेगळं वाटलंच नाही. तालुक्याचं गाव ते तालुक्याचं गाव. एक स्टेशन, एक मोठा चौक, आठवडी बाजार, रविवारी बस नाही, आणि दोन दिवसांत सगळ्या गावाला माहीत की शाळेत एक इंडियन पोरगी आलीय. माझ्यासोबतची मुंबईची मुलगी शेजारच्या गावात होती, ती पहिला महिना नुसती रडली, संध्याकाळी सातला सगळं बंद कसं काय म्हणे. आपल्याला सवय असते ना भो या गोष्टींची. तर खान्देशातून चाललोय म्हणून उगाच दबून जाऊ नका, उलट तुम्ही निम्मे सेटल होऊनच विमानात बसताय.

निघायच्या आधी : कागदं

खरा ताप इथे आहे आणि तो इथेच, घरी बसून मिटवायचा. जन्माचा दाखला काढून बघा आत्ताच्या आत्ता. आपल्याकडे निम्म्या लोकांच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागाच कोरी असते, नाहीतर वडिलांचं नाव एका स्पेलिंगचं आणि पासपोर्टवर दुसऱ्या. तिथे आरोग्य विम्याचा नंबर काढताना हाच दाखला मागतात, आई-वडिलांच्या नावासकट. तर ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिका, जिथे नोंद असेल तिथून नाव चढवून, इंग्लिशमध्ये दाखला घ्या, मग राज्याचं अटेस्टेशन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिलवाल्या देशांमध्ये आहे त्यामुळे फ्रान्सला ते चालतं. फ्रेंच भाषांतर मात्र तिथल्या कोर्टाच्या यादीतल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्या, फ्रान्सला गेल्यावर ऑनलाइन होऊन जातं.

नावाचं अजून एक. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव असं दोन्ही असतं. फ्रान्सचा क्लर्क ते दोन्ही तुमचीच नावं धरतो, म्हणजे मुलगी असली तरी कागदावर दुसरं नाव रमेश नाहीतर भास्कर. हसू येतं पण दुरुस्त करायला जाऊ नका. सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच, त्याच क्रमाने लिहा. बँकेत एक आणि शाळेत दुसरं झालं की पगार अडकतो.

व्हिसा मुंबईतून होतो, त्यासाठी नेमणुकीचं पत्र लागतं. त्याच्या झेरॉक्स भरपूर काढा, स्कॅन करून मेलवर ठेवा, एक कॉपी घरी ठेवा.

पैसे. पहिला पगार ऑक्टोबरच्या शेवटी येईल असं धरून चालू नका, कागदं पुढे सरकायला वेळ लागला तर तो नोव्हेंबरच्या पगारासोबत येतो. निदान दोन महिने पगाराशिवाय काढता येतील एवढे युरो जवळ पाहिजेत, त्यात घराचं डिपॉझिट पण आलं. यूपीआय म्हणाल तर ते २०२४ पासून आयफेल टॉवरच्या तिकिटाला चालतं, तुमच्या गावातल्या बेकरीत नाही चालत.

बॅगेत काय

स्वेटरं घेऊन जाऊ नका. जळगावच्या मार्केटमधलं जाडात जाड स्वेटर तिथल्या जानेवारीत रुमालाच्या कामाचं. आत घालायचे थर्मल दोन जोड घ्या, कोट तिथे घ्या, आणि नवा कशाला, एमाउस म्हणून जुन्या वस्तूंची दुकानं गावोगावी आहेत, तिथे चांगला लोकरीचा कोट स्वस्तात मिळतो. ताटं, चमचे, टेबल लॅम्प, सगळं तिथेच.

तूप, पेढे, खवा, पनीर काही नेऊ नका. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, आई रडली तरी तूप घरीच. मसाला चालतो, पापड चालतात, शेव चालते. फळांना सर्टिफिकेट लागतं, फक्त पाच फळं त्यातून सुटलीत : अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळी. हो, केळी! रावेर-यावलवाल्यांनी कॉलर टाइट करायला हरकत नाही. तरी नेऊ नका, बॅगेत चेंदामेंदा होतो, आणि तिथे ग्वादलूप-मार्टिनिक या फ्रान्सच्याच बेटांवरची केळी बारमाही मिळतात, चवीबद्दल मी काही बोलत नाही.

कुकर न्यायचा तर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा. अल्युमिनियमचा तिथल्या इंडक्शनवर नुसता ठेवून बसायचं. मोबाइलचा दोन पिनचा चार्जर तिथल्या सॉकेटात बसतो, तीन पिनचं काही बसत नाही, एक अडॅप्टर बास.

काळा मसाला मात्र भरपूर न्या. बाकी माल मिळतो : हरभऱ्याचं पीठ ऑरगॅनिक दुकानात असतंच, शेंगदाण्याचं तेल सुपरमार्केटमध्ये, आणि ज्वारीचं पीठ पण त्याच ऑरगॅनिक दुकानात सोर्गो नावाने विचारलं की निघतं. हिरवी मिरची मोरोक्कन माणसाच्या दुकानात. वांगी काळी-जांभळी असतात, बामणोदच्या हिरव्या भरताच्या वांग्याची आठवण काढू नका, ओव्हनमध्ये भाजा, मिरची-लसूण ठेचून टाका, खाण्यासारखं भरीत होतं. एक ध्यानात ठेवा, फोडणी देताना खिडकी उघडी, प्रत्येक घरात धुराचा अलार्म असतो आणि आपल्या ठेच्याला तो जाम घाबरतो.

पहिले दोन आठवडे

पोचल्या पोचल्या शाळेत जाऊन सही करायची, तो रुजू झाल्याचा कागद गेला की पगाराची गाडी सुरू होते. त्यानंतर व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, तीन महिन्यांची मुदत असते, पण तीन महिने थांबता कशाला, त्याच आठवड्यात करून टाका. हे केलं नाही तर तुम्ही कायद्याने तिथे नाहीच.

मग बँक. बँक म्हणते पत्ता दाखव, घरमालक म्हणतो बँकेचा कागद आणि जामीनदार दाखव, आणि आपण मधे लटकलेलो. यातून निघायचे दोन रस्ते आहेत. एक, शाळेलाच विचारा की होस्टेलमध्ये किंवा स्टाफसाठी खोली आहे का, बऱ्याच शाळांमध्ये असते, भाडं कमी, आणि शाळा राहण्याचा दाखला देते, त्यावर बँक खातं उघडतं. दुसरा, विझाल नावाची फुकट जामीन योजना आहे, ३० वर्षांपर्यंतच्या लोकांना मिळते, घर बघायला जायच्या आधीच ऑनलाइन अर्ज करून तो कागद हातात ठेवा. घर घेतलं की घराचा इन्शुरन्स काढावाच लागतो, भाडेकरूनेच काढायचा. भाड्याला सरकारी मदत मिळते तिचा अर्ज पण लगेच टाका, पहिल्या महिन्याचे पैसे तशेही मिळत नाहीत, उशीर केला तर अजून एक महिना जातो.

मला एका एजन्सीने खोली दाखवताना हीटर चालू आहे म्हणून सांगितलं आणि नोव्हेंबरात कळलं की तो फक्त दिवा लावून बसतो. म्हणून खोली ताब्यात घेताना जी पाहणी होते, तिचा कागद बनतो, त्यावर सही करायच्या आधी प्रत्येक नळ, प्रत्येक हीटर, प्रत्येक भिंतीचा डाग बघायचा, फोटो काढायचे आणि कागदावर लिहून घ्यायचं. मालक घाई करेल, करू द्या.

डॉक्टरची अपॉइंटमेंट डॉक्टोलिब अॅपवरून मिळते, साध्या डॉक्टरची फी ३० युरो, विम्याचा नंबर आल्यावर त्यातले बरेचसे परत येतात. नंबर यायला महिने लागतात तोपर्यंतच्या पावत्या सांभाळून ठेवा. इमर्जन्सीला ११२.

शाळेत

शाळेत गेल्यावर सगळ्यात आधी इंग्लिशच्या मॅडमला भेटाल ते ठीक, पण गेटवरचा माणूस, ऑफिसातली सेक्रेटरी, कॅन्टीनच्या बाया, यांना पहिल्या दिवशी जाऊन स्वतःची ओळख करून द्या. शाळा हेच लोक चालवतात. झेरॉक्सचा कोड, वर्गाची चावी, टीचर्स रूममधला तुमच्या नावाचा कप्पा, सगळं सेक्रेटरीच्या हातात. आणि कुठेही शिरताना, दुकान असो, बस असो, लिफ्ट असो, आधी बाँजूर म्हणायचंच. आपण थेट कामाचं बोलायला लागतो ना, भाऊ एक किलो द्या, तसं तिथे केलं की समोरचा माणूस थंड पडतो, मग तुमचं फ्रेंच कितीही चांगलं असू द्या. सोबतचे शिक्षक पहिल्याच दिवशी अरे-तुरेवर येतात, तुम्हीही या. हेडमास्तरांना मात्र अहो-जाहो, ते स्वतःहून म्हणेपर्यंत.

टाइमटेबल बनतानाच बोला, नंतर कोणी बदलत नाही. १२ तास चार दिवसांत बसवून मागा, म्हणजे शुक्रवार नाहीतर सोमवार मोकळा. दोन शाळा दिल्या असतील, दिल्याच असतील, तर एका दिवशी एकच शाळा असं सांगा, मधल्या दीड तासाच्या बसमध्ये आयुष्य जातं.

सरकारी शाळेत काम करणाऱ्यांनी धर्माची खूण अंगावर दाखवायची नाही असा तिथला नियम आहे, पोरांसाठी तर २००४ चा कायदाच आहे. टिकली, गळ्यातलं लॉकेट, हातातला धागा याबद्दल हेडमास्तरांना आधीच सरळ विचारून घ्या. वाद घालायची ही जागा नाही.

जेवण कॅन्टीनमध्ये, स्वस्त आणि पोटभर. २०१९ पासून शाळांना आठवड्यातून एकदा तरी शाकाहारी जेवण द्यावं लागतं. राहिलेल्या दिवशी माळकरी घरातल्यांनी डोळे उघडे ठेवा. मी मांस खात नाही म्हटलं की ते प्रेमाने मासा वाढतात. हिरव्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, बऱ्याच चीजमध्ये दूध घट्ट करायला घातलेलं वासराच्या पोटातलं रेनेट. काय चालतं काय नाही ते कॅन्टीनच्या ताईंना चिठ्ठीवर लिहून द्या, त्या लक्षात ठेवतात. आमच्या ताई तर मी आली की लांबूनच मान हलवून सांगायच्या, आज नको.

वर्गात बोलायचं काय

हे सगळ्यांना भीतीचं वाटतं. दहा-बारा पोरं घेऊन तुम्हाला वेगळ्या खोलीत पाठवतात आणि पोरं गप्प. येत नाही म्हणून गप्प नसतात हां, चुकलं तर वर्ग हसेल म्हणून. त्यांच्याकडे मार्क २० पैकी आणि १४ पडले तरी घरी पार्टी, इतका हात आखडता, त्यामुळे चुकायची धास्ती लहानपणापासून. तुम्ही मार्क देणार नाही हे पहिल्या तासाला स्पष्ट सांगा, निम्मं काम तिथेच होतं.

इंडियावर पीपीटी करू नका. ताजमहाल, योगा, होळी, हे त्यांनी पाहिलेलं असतं आणि पीपीटी चालू झाली की फक्त तुम्हीच बोलता. हातात धरता येईल असं काहीतरी द्या. एसटीचं तिकीट, लग्नाची पत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि सगळ्यात भारी म्हणजे नोटा.

माझा सगळ्यात चाललेला तास हाच. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा न्यायच्या, दोघांत एक नोट द्यायची आणि काही न सांगता म्हणायचं, यावरून या देशाबद्दल इंग्लिशमध्ये पाच वाक्यं तयार करा. आधी पाच मिनिटं नुसती कुजबुज. मग कोणीतरी मागची ती भाषांची पट्टी शोधतं, मोबाइलचा कॅमेरा झूम करून मोजायला लागतं. पट्टीत १५ भाषा, हिंदी आणि इंग्लिश धरून १७. एक कायम मागच्या बाकावर टोपी ओढून बसणारा पोरगा होता, तो एकदम ओरडला, मॅडम हे खरे अक्षर आहेत का डिझाइन आहे? मग त्यांची नोट काढायला लावायची. नव्या युरो नोटांवर, म्हणजे २०१३ पासून आलेल्या, युरो हा शब्द तीन लिप्यांत छापलाय, लॅटिन, ग्रीक आणि सिरिलिक. रोज खिशात असते पण वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं. आणि त्यावर एकही खराखुरा माणूस नाही, पूल आहेत ते पण मूळ डिझाइनमध्ये कुठल्याच खऱ्या ठिकाणचे नाहीत, कुठल्या एका देशाचं वाटू नये म्हणून. मग पोरं आपसात भांडायला लागली की आपल्या नोटेवर कोणाचा फोटो पाहिजे, फुटबॉलवाला की शास्त्रज्ञ, आणि भांडण इंग्लिशमध्येच करायचं ही अट. तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.

दुसरा चालणारा प्रकार भाजीबाजार. निम्मे विकणारे, निम्मे घेणारे, आणि घासाघीस केल्याशिवाय काही घ्यायचं नाही. तिकडे दुकानात भाव ठरलेला असतो त्यामुळे पोरांना भाव पाडायची लाज वाटते, सुरुवातीला पहिला भाव ऐकून लगेच यस थँक यू. आपण एकदा करून दाखवायचं, जळगावच्या फुले मार्केटमध्ये आई करते तसं, दोन पावलं निघून जायचं, परत यायचं. मग बघा आवाज.

तुमच्या अॅक्सेंटबद्दल कोणी काही बोललं तर मनाला लावून घेऊ नका आणि ब्रिटिश बोलायचं नाटक तर अजिबात करू नका, फक्त स्पीड कमी करा, आपण फार फास्ट बोलतो. पोरं विचित्र प्रश्न विचारतील, घरी हत्ती आहे का, तुझं लग्न घरचे ठरवणार का, जात म्हणजे काय. चिडू नका. जातीचा प्रश्न आला तर टाळू पण नका, जेवढं खरं माहीत आहे तेवढं सांगा, शिक्षक पण कान देऊन ऐकत असतात.

नोव्हेंबर नंतर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं, मग घरचा फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती रात्री जागत बसते. डिसेंबरात पाचला अंधार. ४५ डिग्रीत वाढलेल्या माणसाला थंडी सोसते एकवेळ, पण सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही ते सोसत नाही. दुपारी उजेडात रोज बाहेर पडायचं, काम असो नसो. संध्याकाळी घरात एकटं बसायचं नाही, गावात क्लब असतात, कोरसचा, बॅडमिंटनचा, विणकामाचा, वर्षाची फी किरकोळ. मी विणकामात गेली, सगळ्या साठीच्या पुढच्या बाया, फ्रेंच मला त्यांनी शिकवलं, पुण्याच्या क्लासने नाही.

दिवाळी बहुतेक वेळा त्यांच्या शरदातल्या सुट्टीच्या आसपास पडते. सुट्टीच्या आधीच टीचर्स रूममध्ये शंकरपाळे, शेव, चिवडा नेऊन ठेवा, लोक तुम्हाला घरी जेवायला बोलवायला लागतात. बोलावलं की ठरलेल्या वेळेच्या पाच-दहा मिनिटं नंतर जा, आधी नको, आणि हातात काहीतरी घेऊन जा.

फिरायचं असेल तर २७ वर्षांपर्यंत रेल्वेचं तरुणांचं कार्ड मिळतं, ४९ युरोत वर्षभर तिकिटावर ३० टक्के सूट, दोन-तीन लांबच्या फेऱ्यांतच वसूल. संप होतात, वरचेवर होतात. उद्या कुठल्या गाड्या धावणार ते आदल्या दिवशी अॅपवर येतं, ते बघून निघा, आणि टीचर्स रूममध्ये संपाला शिव्या घालू नका, समोर बसलेला माणूसच संपावर असू शकतो.

एप्रिलमध्ये निघायच्या आधी खोलीची नोटीस लेखी द्या, फर्निचरवाल्या खोलीला एक महिना आधी, रजिस्टर्ड पोस्टाने. परत पाहणी होते, तेव्हा सुरुवातीचा कागद आणि फोटो काढून बसा, सगळं जसंच्या तसं असेल तर डिपॉझिट एका महिन्यात परत द्यावं लागतं, काही बिघाड निघाला तर दोन महिने. तोपर्यंत बँक खातं बंद करू नका, पैसे येणार कुठे मग. आणि पगाराच्या स्लिपा सरकारी साइटवर असतात त्या सगळ्याच्या सगळ्या पीडीएफ उतरवून घ्या, पुढे कधी तिथे शिकायला किंवा नोकरीला अर्ज केला की त्या मागतात, पासवर्ड विसरला तर चोपड्यातून तो रिसेट करणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी, कारण ओटीपी जातो तिथल्या बंद झालेल्या सिमवर.